बिऱ्हाडातला पाहुणा

त्या रविवारी दुपारी दोन वाजता मी ऑफिसात गेलो तो अगदी साध्या कामासाठी. तासाभराचं काम, फार तर दीड. ते उरकायचं आणि साडेपाच वाजता दवाखान्यात आईजवळ जाऊन बसायचं, असा माझा बेत होता.

काम काय ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. आई होती त्याच दवाखान्याला आम्ही औषधांच्या नोंदीचा प्रोग्राम पुरवायचो. डॉक्टर स्क्रीनवर औषध लिहितात, ते औषधांच्या खोलीत पोचतं आणि वॉर्डात नर्सच्या स्क्रीनवर उमटतं. त्यासाठी चार सर्व्हर लागतात. प्रोग्राम नवा झाला की तो चारही सर्व्हरवर एका दमात चढवायला आमच्याकडे एक टूल आहे. आपण त्याला फक्त यादी करून द्यायची. कोणते सर्व्हर, कोणी काय करायचं, कोणी कोणाशी बोलायचं. पुढचं सगळं टूल करतं. कागदोपत्री त्या यादीला एन्व्हायर्न्मेंट म्हणतात. अण्णा तिला बिऱ्हाड म्हणायचे.

अण्णा म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने. सर्व्हरना नावंही त्यांनीच दिलेली. डॉक्टरांचं ऐकून घेणारा तो थोरला, औषधांची खोली सांभाळणारा मधला, वॉर्डात धावपळ करणारी धाकटी, आणि कुणी कधी काय घेतलं हे जन्मभर विसरत नाही ती आत्या. एक पाचवाही होता, सरावासाठी. त्यात खोटी औषधं, खोट्या मात्रा भरलेल्या असायच्या. त्याचं नाव पाहुणा. पाहुण्याला ओटीवर बसवायचं, घरच्यांच्या यादीत घ्यायचं नाही, असं अण्णा प्रत्येक नव्या माणसाला बजावायचे.

बिऱ्हाड मांडून झालं की हजेरी घ्यायची, ही पद्धतही त्यांचीच. टूलमधून एकेका सर्व्हरला हाक मारायची, त्यानं ‘हजर’ असं उत्तर द्यायचं. खुद्द अण्णा मात्र कधी हजर म्हणाले नाहीत. साहेब मीटिंगला नावं घ्यायचे तेव्हा दाताखालची लवंग गालात सरकवून ते म्हणायचे, "आहे रे बाबा."

दोन वर्षांपूर्वी दवाखान्याच्या खऱ्या बिऱ्हाडात पाहुणा शिरला. त्याच्याकडचं एक खोटं औषध पहिल्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या नावावर पडलं, दुप्पट मात्रेत, आणि ते दगावले. यादी कोणी केली या नोंदीत अण्णांचं नाव होतं. अण्णांनी नोकरी सोडली आणि आठ महिन्यांत तेही गेले, घरी, खुर्चीत बसल्या बसल्या. एवढं ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. मलाही एवढंच माहीत आहे, असं सगळे समजत होते.

तर त्या रविवारी संध्याकाळी सहाला नवा प्रोग्राम सुरू व्हायचा होता. वेळ दवाखान्यानं ठरवलेली. आई तिसऱ्या मजल्यावर, बारा नंबरच्या खाटेवर. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते आणि रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. कमी पडली तर गाठ होते, जास्त झाली तर रक्त थांबत नाही, हे डॉक्टरांनी मला तीन वेळा समजावलं होतं. म्हणून हे काम मी मागून घेतलं. दुसऱ्या कुणाच्या हातावर माझा विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर दोन वर्षांत माझा कुणावरच विश्वास उरला नव्हता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही.

खाली दारावरच्या पहारेकऱ्यानं वही पुढे केली. वर कोण आहे, असं मी सही करता करता सहज विचारलं. तो म्हणाला, दोघं आहेत. तपासनीस बाई आणि एक वयस्क गृहस्थ. गृहस्थांची सही कुठे दिसत नाही म्हटल्यावर डोकं खाजवत म्हणाला, राहिली असेल, ओळखीचे वाटले म्हणून सोडलं.

माझ्या मनात पाल चुकचुकली. साहेबांनी माझ्यावर नजर ठेवायला कुणाला पाठवलं असणार, असं मला वाटलं. मी जिना चढलो. तीनही दालनं रिकामी होती, खुर्च्या टेबलांना टेकवलेल्या, पडद्यांतून ऊन येऊन फरशीवर पडलेलं. शेवटच्या टेबलाशी तपासनीस बाई एकट्याच बसल्या होत्या. त्यांचं काम माझी यादी तपासून मंजुरी देणं. त्यांना नोकरीला अण्णांनी लावलं होतं. दोन वर्षं त्या माझ्याशी कामापुरतं बोलायच्या आणि माझं प्रत्येक काम दोनदा तपासायच्या. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली. दुसरं कुणी आलंय का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला धास्ती आहे हे त्यांना कळलं असतं.

मी यादी हातानं लिहिली, एकेक ओळ. जुनी यादी समोर असली की तिची नक्कल मारून दोन शब्द बदलायचे, हे आमच्या धंद्यात सगळेच करतात. मी दोन वर्षांत एकदाही केलं नव्हतं. थोरला, मधला, धाकटी, आत्या. चार ओळी तीनदा वाचल्या आणि हजेरी घेतली.

थोरला, हजर. मधला, हजर. धाकटी, हजर. आत्या, हजर.

मग स्क्रीन क्षणभर थांबली आणि खाली पाचवी ओळ उमटली.

पाहुणा, आहे रे बाबा.

मी ती ओळ कितीतरी वेळ बघत राहिलो. पाहुणा दोन वर्षांपूर्वीच कपाटातून उपटून भंगारात दिला होता. माझ्यासमोर त्याच्या तारा कापल्या होत्या. मी यादी उघडली तर तिथेही पाचवी ओळ होती, नीट, माझ्या चार ओळींखाली. ती मी खोडली, यादी जतन केली, परत उघडली. ओळ होतीच. पुन्हा खोडली. सहा वेळा तरी खोडली असेल. टूलमध्ये प्रत्येक ओळीपुढे ती कोणी आणि कधी घातली ते दिसतं. चार ओळींपुढे माझं नाव. पाचवीपुढे अण्णांचं, आणि वेळ त्याच दुपारची, दोन चाळीस.

अण्णांचं लॉगिन त्यांनी नोकरी सोडली त्याच दिवशी बंद केलं होतं. मी स्वतः केलं होतं.

घाबरण्याआधी मला राग आला. कुणीतरी माझी परीक्षा बघत होतं. बाईंना संशय होता, हे मला ठाऊक होतं. अण्णांचा शब्द वापरून मला बोलतं करायचा हा डाव असणार. त्यांनी कुठलातरी जुना सर्व्हर गुपचूप जोडला असेल, तर तो मशीनच्या खोलीत सापडेल. मी किल्ली घेतली आणि कोपऱ्यावरच्या त्या खोलीत गेलो.

त्या खोलीला खिडकी नाही. दिवा लावला तरी कपाटांच्या मागे अंधार राहतो. पंख्यांचा एकसुरी आवाज आणि पायाखालून येणारा गार वारा. मी कपाट उघडून सर्व्हर मोजले, चार. चौघांचे हिरवे दिवे लुकलुकत होते. त्यांच्याखाली पाहुण्याचा कप्पा रिकामा. त्यावर बोटभर धूळ होती आणि तिच्यात कसलीही खूण नव्हती. तार नाही, काही नाही. मला हायसं वाटलं. कपाट लावताना हात त्या कप्प्याला लागला.

कप्पा गरम होता. तासन्‌तास चालून तापलेलं मशीन असतं तितका. आणि त्या गार, कोरड्या खोलीत लवंगेचा वास येत होता.

मी दिवा तसाच ठेवून बाहेर आलो. चार वाजून गेले होते. थेट बाईंच्या टेबलाशी गेलो आणि, हे तुम्ही करताय ना, असं विचारलं. आवाज चढला होता माझा. त्यांनी स्क्रीनवरून नजर काढली नाही.

"मला वाटलं, तुम्हीच करताय," त्या म्हणाल्या. "म्हणून तासभर गप्प बसून बघत होते."

त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. माझ्यावर त्यांचा संशय होता, त्यांच्यावर माझा, आणि आता दोघांनाही दुसरं कुणी सापडेना. त्यांनी मला खुर्ची दिली आणि पाहुण्यात काय आहे ते त्यांनी उघडून पाहिलं होतं, असं सांगितलं. एकच औषध होतं आत. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

तिसरा मजला, खाट बारा. रक्त पातळ करायची गोळी. मात्रा दुप्पट. वेळ संध्याकाळी सहा.

"ही कोण आहे, तुम्हाला माहीत आहे?" बाईंनी विचारलं. आईला तिथं ठेवल्याचं मी ऑफिसात कुणालाही सांगितलं नव्हतं.

"आई आहे माझी," मी म्हणालो.

सहाला टूल आपोआप बिऱ्हाड जागं करून कामाला लावणार होतं. पाहुणा यादीत असला तर त्याचं औषध धाकटीकडे जाणार, धाकटी ते वॉर्डात दाखवणार, नर्स ते देणार. मी वॉर्डात फोन लावला. नर्सनं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की नातेवाइकांच्या फोनवरून गोळ्या बदलता येत नाहीत, स्क्रीनवर येईल ते द्यायचं. डॉक्टरांचा फोन लागेना. सहाची सुरुवात थांबवायचा हक्क एकट्या साहेबांना होता आणि त्यांना कारण द्यावं लागायचं.

पाच वाजून दहा मिनिटांनी साहेबांनी फोन उचलला. पाहुणा यादीत शिरलाय, एवढं मी सांगितलं. पलीकडे टीव्हीचा आवाज होता, तो बंद झाला. साहेब म्हणाले, पाहुणा तर भंगारात गेला, तो कसा शिरेल, आणि भलत्या शंकेवर दवाखान्याचं काम थांबवलं तर उद्या मी काय उत्तर देऊ. मग म्हणाले, "मागच्या वेळी अण्णांचं लक्ष ठिकाणावर नव्हतं म्हणून तो शिरला. आता कोण शिरवणार त्याला?"

समोर हजेरीची स्क्रीन उघडी होती. मी हात लावला नव्हता, तरी तिच्यावर ओळी उमटत होत्या. नुसत्या पाचव्या. आहे रे बाबा. आहे रे बाबा. आहे रे बाबा... एकाखाली एक, सावकाश, कुणी वाट बघत बसल्यासारख्या.

"साहेब," मी म्हणालो, "मागच्या वेळी तो मी शिरवला होता."

आणि मग सगळं बाहेर पडलं. त्या दिवशी अण्णा दात दाखवायला गेले होते. जाताना म्हणाले, घाईकर, यादी हातानं लिही, माझ्या सरावाच्या यादीची नक्कल मारू नकोस. मला ते घाईकरच म्हणायचे, सगळ्यांसमोर, आणि मी हसायचो. त्यांची स्क्रीन उघडी होती. मी त्यांच्याच खुर्चीत बसलो, त्यांच्याच लॉगिनमधून नक्कल मारली, आणि पाचवं नाव खोडायचं राहिलं. तेव्हाच्या मंजुरी देणाऱ्यानं अण्णांचं नाव बघून डोळे मिटून मंजुरी दिली. चौकशीत अण्णांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी बुटाची नाडी बघत होतो. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मीही माझं घेतलं नाही.

साहेबांनी सहाची सुरुवात थांबवली. ती थांबल्याचा निरोप स्क्रीनवर आला तेव्हा मी रडलो, हे कबूल करतो. बाईंनी हजेरी घेतली. चार हजर. यादीत चार ओळी. पाचवी कधी गेली ते कुणीच पाहिलं नाही.

फोन ठेवण्याआधी साहेब म्हणाले की झालं गेलं उकरण्यात अर्थ नाही, नोंद आहे तशी राहू दे, गेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो. चोर सोडून संन्याशाला फाशी झालीच होती, आता फाशीची दोरी कशाला मोजायची, असा त्यांचा एकूण सूर. आणि मला काय वाटलं असेल? मला सुटल्यासारखं वाटलं. बाई दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "लिहून द्या." मी म्हणालो, बघू, आधी आईला भेटून येतो.

आई उशीला टेकून बसली होती. खुशीत होती, गालावर रंग होता. मला बघून म्हणाली, आज तुझ्या ऑफिसातले ते भले गृहस्थ आले होते, दुपारभर बसले इथं, आत्ता सव्वापाचनंतर गेले.

कोण गृहस्थ, म्हणून मी विचारलं.

"नाव नाही सांगितलं बाई. तुला घाईकर म्हणत होते, मला हसू आलं. सारखे घड्याळाकडे बघायचे." तिनं उशीखालून काहीतरी काढून माझ्या हातावर ठेवलं. "तोंडाला चव नाही म्हटलं तर ही दिली. आणि जाताना म्हणाले, घाईकर बोलला, पण अजून लिहून दिलं नाही त्यानं. तर मला परत यावं लागेल."

तळहातावर लवंग होती. नर्सला विचारलं तर तिनं सांगितलं की भेटायची वेळ साडेपाचला सुरू होते, त्याआधी मजल्यावर कुणाला सोडत नाहीत.

सोबतीला राहायची परवानगी काढून रात्रभर मी आईच्या खाटेशी बसून राहिलो. प्रत्येक गोळी नर्सच्या हातातून घेऊन वाचली. सोमवारी दुपारी तिथेच बसून पत्र लिहिलं, दोन पानं, सगळं. संध्याकाळी बहिणीला आईजवळ बसवलं आणि पत्र खिशात घालून अण्णांच्या घरी गेलो. ऑफिसात देण्याआधी ते काकूंनी, अण्णांच्या पत्नीनं, वाचावं असं मला वाटलं. अण्णा गेल्यापासून मी त्या घराची पायरी चढलो नव्हतो.

काकूंनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता आत घेतलं. खोलीत एकच दिवा होता, दोन खुर्च्यांच्या मधल्या टेबलावर. एका खुर्चीत त्या बसल्या. दुसरीत मी बसायला गेलो तर त्यांनी हातानंच स्टूल दाखवलं. मी स्टुलावर बसून त्यांना सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसं. त्यांनी मध्येच टोकलं नाही की डोळ्यांना पदर लावला नाही. पत्र दिव्याखाली धरून वाचलं, घडी घातली, परत दिलं.

"रविवारी म्हणालास ना? दुपारी?"

"हो काकू."

"तरीच." त्यांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "रविवारी दुपारभर ते घरी नव्हते. मला कळेना, सांगितल्याशिवाय गेले कुठे."

बाजाराला गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं त्या बोलल्या. खोलीत लवंगेचा वास होता, मघापासून होता, आणि तो मी मुद्दाम मनावर घेत नव्हतो.

मी उठलो. पत्र उद्या सकाळी देतो, असं कसंबसं म्हणालो. दाराशी बूट घालत होतो तेव्हा त्या मागून आल्या.

"थांब जरा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एकटा जाऊ नकोस. पत्र देईपर्यंत ते येतायत तुझ्याबरोबर."

मी मागे वळून पाहिलं नाही. घरापर्यंत चालत गेलो, पाठ ताठ ठेवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत मी पत्र दिलं. साहेबांना, दवाखान्याला आणि त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या मुलाला, तिघांनाही. साहेबांनी मला त्याच दिवशी घरी पाठवलं. नोंदीतलं नाव बदललं, हे बाईंनी फोन करून सांगितलं. पुढे चौकशी व्हायची ती होईल, मी तयार आहे. आई बरी झाली, आता घरी आहे, आणि गोळी तिची ती वेळेवर घेते. माझ्या छातीवरचा दगड उतरला, आणि त्या संध्याकाळी मीच काकूंना फोन करून सांगितलं की पत्र दिलं, सगळं मिटलं.

"चांगलं झालं, बाळा," काकू म्हणाल्या. आवाज थकलेला होता. "मग आता त्यांना घरी पाठव."

एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. याला आता महिना झाला. रोज सातच्या सुमाराला त्यांचा फोन येतो आणि त्या तेवढंच विचारतात, निघाले का ते. आई आतल्या खोलीतून मला सांगते, त्यांना म्हणावं, आत्ताच तर बसलेत.